सणाचे ताट, मोसमाची भाजी: इंदुरात तुम्ही साधा स्वयंपाक कसा करता?

रामबागची_लेक
मंडळी, आज कांदेनवमी. खेकडा भजी झाली, परवा आषाढी. तिथून थेट तुळशीच्या लग्नापर्यंत सणांची रांग लागेल, म्हणून हा धागा आत्ताच काढतेय.

घरात आम्ही चौघे. साबांचे (सासूबाईंचे) गुडघे आता ओट्यापाशी उभे राहू देत नाहीत. भाज्या निवडणे, लसूण सोलणे हे त्या खुर्चीत बसून करतात, पण रांधणे माझ्यावर आणि नोकरीही आहे. तरी प्रत्येक सणाला पानात डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबू, उजवीकडे दोन भाज्या, मध्ये वरणभात, शिवाय पुरण किंवा खीर, शिवाय तळण. संध्याकाळी त्यातले निम्मे फ्रिजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी कोणी त्याकडे बघत नाही.

म्हणून हल्ली एक पद्धत धरली आहे. सणाचा एकच पदार्थ, बाजारात त्या आठवड्यात जी भाजी स्वस्त आणि ताजी असेल ती एकच, बाकी रोजचे वरण-भात-पोळी. संक्रांतीला तिळाची वडी आणि ओल्या हरभऱ्याची उसळ. पाडव्याला घरचा चक्का बांधून श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, बस्स. चैत्रात हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हे, त्याबरोबर दुसरे काही नाही. पावसात भुट्टे.

नणंदबाई म्हणतात, हे सण करणे नाही, उरकणे आहे. तुमच्याकडे काय काय गळाले आणि कुणाच्या लक्षातही आले नाही? आणि काय गाळले तर घरात महाभारत होते? मोकळेपणाने लिहा.

भिया_पोहे_लगा
आमच्याकडे सणाच्या सकाळी पोहे-जलेबी बाहेरून येतात. आईला तेवढाच एक वेळचा ओटा सुटतो. इंदूरच्या पोहेवाल्यांनी मराठी बायकांवर केलेले उपकार कुणीतरी लिहून ठेवायला हवेत भिया.

नुसतीच_वाचक
रुमाल टाकून ठेवते. वाखू (वाचनखूण) साठवली.

मोहरी_हिंग
धागा चांगला आहे, पण मला एक गोष्ट पटली नाही. साधा स्वयंपाक म्हणजे कमी पदार्थ की कमी कष्ट?

पुरणपोळी मोजायला एकच पदार्थ. पण डाळ शिजवा, कट काढा, गूळ घालून आटवा, गरम असतानाच वाटा, कणीक तिंबून ठेवा, मग एकेक पोळी लाटा. कटाची आमटी वेगळी. अर्धा दिवस गेला. उलट चटणी आणि काकडीची कोशिंबीर दोन्ही मिळून दहा मिनिटांत होतात. तुम्ही ताटातून दहा मिनिटे गाळली आणि अर्धा दिवस तसाच ठेवला! पाडव्याचे श्रीखंडही तसेच. चक्का टांगायला काही लागत नाही, पण नंतर चाळणीवर घासताना खांदा दुखतो तो कुणाचा?

मी उलटे करते. चटणी-कोशिंबीर कधीच गाळत नाही, लाटणे आणि तळणे मात्र गाळते. पुऱ्यांऐवजी पोळ्या केल्या म्हणून कोणी उपाशी राहिलेले नाही.

खवय्या_जेना
मोहरी_हिंग, कोशिंबिरीबद्दल सहमत. डावी बाजू दिखाव्यासाठी नसते. गोड, तेलकट पुरणापुढे आंबट-तिखट नको का? ताट लावणाऱ्याने विचार केलेला होता.

बाकी ‘उरकणे’ शब्द जरा लागला तरी नणंदबाईंचे अगदीच चूक नाही. आमच्या लहानपणी जुन्या राजवाड्याजवळच्या वाड्यात गौरीला सोळा भाज्या होत आणि कुणी कुरकुर केलेली ऐकली नाही.

मोहरी_हिंग
काका, कुरकुर स्वयंपाकघरात होत असते. तुम्ही ओसरीवर होता.

अर्धा_चमचा
:)) पॉपकॉर्न घेऊन बसलो.

खवय्या_जेना
अहो, वाड्यात पाच बायका होत्या कामाला, म्हणून म्हटले. आज एकटीने सोळा भाज्या करा असे मी म्हणत नाही. सोळा भाज्यांची एकच मिसळीची भाजी केली तरी गौर रागावत नाही, आमची आईच तसे करायची शेवटी शेवटी.

पुणेकर_माहेर
लग्न होऊन इंदुरात आले, अजून नवीच आहे. दोन शंका. एक, इथे प्रत्येक गोष्टीवर शेव का असते? काल दिराने वरणभातावर घातली. दोन, आमच्या मजल्यावरच्या भाभी म्हणाल्या, सावन लवकरच लागणार. आमच्या पंचांगात तर अजून आषाढच आहे. उपास कुणाचे धरायचे?

भिया_पोहे_लगा
वरणभातावर शेव न घालणारा माणूस मला शंकास्पद वाटतो.

मालवी_मालवणी_नव्हे
दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो, कारण या गोंधळात आमच्या घरी दरवर्षी वाद असतो. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडच्या लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे आपला आषाढ वद्य पक्ष हाच त्यांचा सावनचा पहिला पंधरवडा. शुक्ल पक्षात दोघे जुळतात, म्हणून नागपंचमी आणि राखी दोघांकडे त्याच दिवशी येतात. आपला श्रावण वद्य लागला की त्यांचा भादों सुरू. रंगपंचमीचेही तसेच, आपली फाल्गुनातली, त्यांची चैत्रातली, पण गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्यावरून एकाच दिवशी निघते.

२०२३ ला तर अधिक श्रावण आला, तेव्हा त्यांचा सावन ५९ दिवसांचा झाला होता. आठ सोमवार! आमच्या शेजारच्या आजींचा साबुदाण्याचा डबा संपतच नव्हता.

तर ताई, सोमवार तुमच्या पंचांगाप्रमाणे धरा आणि फलाहार दोन्हीकडे खा.

दांडियाबाजार
बडोद्यात हा त्रास नाही, गुजराती महिनाही अमावास्येलाच संपतो. पण धाग्याच्या विषयाला धरून एक सांगायचे आहे. आमच्याकडे श्रावण वद्य षष्ठीला शेजारी रांधण छठ पाळतात. त्या दिवशी ठेपले, पुऱ्या, वडे, सुकी भाजी सगळे करून ठेवायचे, रात्री चूल थंड करून तिची पूजा करायची. दुसऱ्या दिवशी शीतळा सातम, दिवसभर शेगडी पेटवायची नाही, थंडच खायचे. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी गोकुळाष्टमी. आम्ही मराठी असूनही आईने ही सातम उचलली. तिचे म्हणणे, वर्षात एक दिवस तरी देवानेच सांगितले आहे ना बाईला ओट्याजवळ जाऊ नको म्हणून, मग ऐकायला काय हरकत आहे?

लष्करवाली
ग्वाल्हेरहून. शीतला इकडे होळीनंतर सातव्या-आठव्या दिवशी असते, माळव्यातही तेव्हाच ना? आदल्या दिवशीचेच खायचे. उन्हाळा तोंडावर असतो, यापुढे शिळे टिकणार नाही, तर शेवटचे एकदा खाऊन घ्या, असे आमची आजी त्याचे कारण सांगायची.

इंदूरकरांना उन्हाळ्याचे काय कळणार म्हणा, रात्री गार वारा सुटतो तुमच्याकडे. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा साधा स्वयंपाक हे तत्त्व वगैरे नसते, नाइलाज असतो. सकाळी नऊच्या आत वरण-भात, दही, कांदा-कैरीची चटणी. रात्री सकाळचाच भात दह्यात कालवून वर मोहरी-मिरचीची फोडणी. फायदा एकच, कुरडया आणि सांडगे झटपट खडखडीत वाळतात.

संक्रांतीला आम्ही गुळपोळी करत नाही. मुरैनाची गजक शेजारीच मिळते, तीच देवापुढे ठेवतो. तीळ आहेत, गूळ आहे, देवाला आणखी काय हवे?

मोहरी_हिंग
दांडियाबाजार, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. खरे तर आपल्या सणांतही हे आहेच, फक्त आपण वरून रंगकाम केले. नागपंचमीला चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा ठेवायचा नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, एका भांड्यात अळू, माठ, भोपळा, दोडका, कणसाचे तुकडे, फोडणीसुद्धा नाही. गौरी येतात त्या दिवशी कितीतरी घरांत नुसती भाजी-भाकरी असते नैवेद्याला. हे सगळे नियम कमी करायला सांगणारे आहेत. आम्ही मात्र ऋषीच्या भाजीबरोबर ‘मुलांना आवडत नाही’ म्हणून पनीर करतो.

पुणेकर_माहेर
पण नागपंचमीला पुरणाचे दिंड करतातच की! उकडायचे असले तरी पुरण आलेच.

मोहरी_हिंग
बरोबर पकडलेत. पळवाट आमच्या पूर्वजिणींनीच काढून ठेवली.

अर्धा_चमचा
आणि एकादशी दुप्पट खाशी! रोज वरण-भात-भाजी-पोळी, उपासाला साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, वर सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात जाऊन पुन्हा खिचडी. यावर कोणी बोलत नाही.

भिया_पोहे_लगा
सराफ्याच्या खिचडीला कोणी काही बोलायचे नाही. ताज्या वाफेवरच्या साबुदाण्यावर मसाला आणि फराळी मिक्श्चर. तो उपास नाही, तो अनुभव आहे.

मालवी_मालवणी_नव्हे
रामबागच्या लेकीने ‘पावसात भुट्टे’ एवढे दोनच शब्द लिहून विषय संपवला, हे बरे नाही. पाकृ (पाककृती) कुठे आहे?

अर्धा_चमचा
मी देतो. आमच्या घरी भुट्ट्याचा कीस माझ्याकडेच असतो, कारण किसणी बायकोने एकदाच वापरली आणि परत केली.

कोवळे देशी भुट्टे चार. नखाने दाणा दाबला तर दूध उडाले पाहिजे. बारीक नको, मध्यम किसणीवर किसा, नंतर सुरीच्या पाठीने कणसावरचा उरलेला चीक ओढून घ्या, खरी चव त्यातच असते. जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तूप, मोहरी, जिरे, सढळ हिंग, हिरवी मिरची. कीस घालून मंद आचेवर परतत राहा, कच्चा वास जाऊन रंग थोडा गडद होईपर्यंत. मग कपभर गरम दूध थोडे थोडे करून. आटले की मीठ, चिमूटभर साखर. लिंबू खाली उतरवल्यावरच, नाहीतर दूध फाटते. वर कोथिंबीर, हवे तर ओले खोबरे. एकूण अर्धा तास, त्यातली वीस मिनिटे ढवळण्यात. जेवणाचा एकुलता एक पदार्थ म्हणून चालतो, आणि इथेच मी धागाकर्तीच्या बाजूने आहे. याच्याबरोबर भाजी-पोळी करणे म्हणजे दोघांचाही अपमान.

पुणेकर_माहेर
तोंपासु (तोंडाला पाणी सुटले)! पिवळ्या स्वीटकॉर्नचा करून चालेल का? मॉलमध्ये सोललेले दाणे मिळतात.

अर्धा_चमचा
चालेल म्हणजे पोट भरेल. त्याला पाणी फार सुटते आणि गोडमिट्ट होतो, साखर तर अजिबात घालू नका. पण पावसाळ्यात दर चौकात पांढरे भुट्टे असताना मॉलमध्ये कशाला जायचे?

खवय्या_जेना
फोटो नसल्याने पाकृ फाऊल धरण्यात येत आहे.

लष्करवाली
भुट्ट्यावरून आठवले, थंडीत इंदूरला आले की मला गराडू (माळव्यातला कंद) हवेच असतात. इकडे दिसत नाहीत. ते घरी जमतात का?

मालवी_मालवणी_नव्हे
जमतात. सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर खाज सुटते. फोडी आधी मऊ तळून घ्या, खायच्या वेळी पुन्हा कडक तळा, वर लिंबू आणि मसाला. पण दोनदा तळण आहे, मोहरी_हिंग परवानगी देणार नाहीत.

मोहरी_हिंग
गराडूला सूट आहे. मीपण इंदूरचीच आहे.

भिया_पोहे_लगा
मग दाल-बाफल्यांना पण सूट द्या. तो तर माळव्याचा साधा स्वयंपाक. डाळ आणि कणीक, दोनच वस्तू.

रामबागची_लेक
पोहेवाले दादा, बाफले तुम्ही कधी केले आहेत का? रवाळ कणकेत तुपाचे मोहन घालून मळायचे, गोळे उकळत्या हळदीच्या पाण्यात तरंगेपर्यंत शिजवायचे, निथळायचे, मग भाजायचे, मग फोडून तुपात बुडवायचे. डाळ, चटणी, लाडू वेगळे. त्यापेक्षा बाटी सोपी, उकडायचे तरी वाचते.

भिया_पोहे_लगा
मी खातो. तुपात बुडवण्यापासून पुढचा सगळा भाग मला येतो.

नुसतीच_वाचक
इतके दिवस नुसतीच वाचत होते, आज लिहिते. आमच्याकडे सर्वांत साधे जेवण अनंत चतुर्दशीच्या रात्री असते. गिरणी कामगारांच्या झांक्या, म्हणजे विसर्जन मिरवणुकीतले देखावे, बघायला सगळे घराबाहेर, गिरण्या बंद पडून वर्षे झाली तरी कामगारांनी ती रीत सोडलेली नाही आणि आम्ही ती बघणे सोडलेले नाही. सकाळी विसर्जनाच्या गडबडीत फक्त दहीपोहे. संध्याकाळी कुकरभर मुगाची खिचडी, वर तूप, भाजलेला पापड, लोणचे. पहाटे परत आलो की तीच गार खिचडी तव्यावर परतून. दहा दिवस मोदक आणि खिरापत झाल्यावर ती खिचडी इतकी छान लागते की मुले ‘झांकीवाली खिचडी’ म्हणून एरवीही मागतात. रामबागच्या लेकीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर ही गाळली तर आमच्याकडे महाभारत होईल.

खवय्या_जेना
सुरेख लिहिलेत. लिहीत राहा.

मोदकांवरून अवांतर: आमच्या घरी पहिल्यापासून तळणीचेच. नारळ लांबून यायचा, इथे मुबलक होता गहू. उकडीचे हल्ली सुना-मुली शिकल्या. दोन्ही चांगले, पण तळणीचे चार दिवस टिकतात, रोज नवे करावे लागत नाहीत. मोहरी_हिंग, तळण सरसकट गाळायचे म्हणता, याचाही हिशेब धरा. एक दिवस तळलेत तर चार दिवस सुटता.

मोहरी_हिंग
काका, हा मुद्दा मान्य. दिवाळीच्या चिवड्याचेही तेच. फराळ हा मुळात पाहुणे आले तरी चूल न पेटवण्याचा बेत आहे. फक्त दहा प्रकारांऐवजी चिवडा, चकली आणि एक लाडू पुरेत. अनारसे ज्याला हवेत त्याने तांदूळ तीन दिवस भिजवावेत, रोज पाणीही स्वतः बदलावे.

दांडियाबाजार
अनारशांचा विषय काढू नका, अधिक महिन्यात जावयाला तेहतीस द्यावे लागतात. मी तो जावई आहे. मलाही ते संपवावे लागतात.

रामबागची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नावर येते, कारण आता माझ्यासमोर खरी अडचण गौरींची आहे. श्रीखंड-पुरी, खिचडी हे सगळे पटवता येते. गौरीपूजनाला पुरणपोळी नाही म्हटले तर नणंदबाई घरी यायच्या नाहीत.

मोहरी_हिंग यांचा ‘कमी पदार्थ की कमी कष्ट’ हा प्रश्न मी काल जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. साबा म्हणाल्या, “नैवेद्याला पुरण लागतं. पोळीचं कोणी सांगितलं?” त्यांच्या सासरी म्हणे ज्या वर्षी घरात आजारपण असे त्या वर्षी पुरण वाटून मुदीसारखे पानात वाढत, वर तूप, बाजूला साधी पोळी. देवीची ओटी तशीच, आरती तशीच. आणि हे त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही सांगितले नव्हते! का नाही सांगितले विचारले तर म्हणाल्या, तू कधी विचारलंस?

तर ठरले असे: आवाहनाला भाजी-भाकरी. पूजनाला पुरणाची मूद, कटाची आमटी, मिसळीची भाजी, काकडीची कोशिंबीर, साध्या पोळ्या. पुरण चिरंजीव वाटणार, त्याला तसे सांगून झाले आहे. तो ‘मिक्सरवर’ म्हणाला, साबा ‘पुरणयंत्रावर’ म्हणाल्या, ती बोलणी चालू आहेत.

खवय्या_जेना
आणि नणंदबाई?

रामबागची_लेक
त्यांना साबाच फोन करणार आहेत. माझ्या तोंडून गेले तर उरकणे, त्यांच्या तोंडून गेले तर परंपरा.

पुणेकर_माहेर
हे लिहून ठेवते, मला पुढची तीस वर्षे लागेल. पण मला पहिल्यांदाच ऋषीची भाजी करायची आहे. अळू आणि अंबाडी इंदुरात मिळते का? आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला अंबाडी म्हटले की पालकाची जुडी पुढे करतो.

मालवी_मालवणी_नव्हे
मालवा मिलच्या मंडईत सकाळी लवकर जाऊन बघा, गावाकडून टोपल्या घेऊन येणाऱ्या बायांकडे विचारा, मोठ्या गाळ्यांवर नको. अळू मिळाले नाही तर माझ्या कुंड्यांत भरपूर आहे. राजेंद्रनगरला येणे होत असेल तर खुशाल घेऊन जा. देठ पांढरे की काळे ते बघूनच देतो, घसा खाजवला तर धाग्यावर माझे नाव निघेल.

भिया_पोहे_लगा
मला अळू नको, पण पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गराडू कधी तळणार आहात?